आठवड्याचे तेवीस तास

ऑनलाइन एम. कॉम. किंवा एम. ए. करायचे म्हणून कुणी माझ्याकडे आले, की फी किती, विद्यापीठ कुठले, हे मी नंतर बोलते. आधी एक कोरा कागद पुढे ठेवते आणि आठवड्याचे सात दिवस त्यावर आखायला सांगते. कामावर कधी जाता, परत कधी येता, घरात कुणाचे औषधपाणी तुमच्याकडे आहे, रविवारी शेतावर जावे लागते का, नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, सगळे त्यात भरायचे. भरून झाल्यावर जी जागा कोरी उरते ती अभ्यासाची. बहुतेकांच्या कागदावर ती फार थोडी उरते, आणि पदवीचे बोलणे तिथून सुरू होते.

मी वडगावची. एकेकाळचे हे वेगळे गाव आता बेळगाव शहरात मिसळून गेले आहे. तरी शहापूर, खासबाग आणि वडगाव या पट्ट्यात यंत्रमागाचा आवाज अजून आहे. आमच्या घरातही माग होते. दिवसा मी महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर रविवारची संपर्क सत्रे घेण्यापासून दूरशिक्षणाशी माझा संबंध आला, आणि कोरोनानंतर ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमांची मेंटॉर म्हणून काम सुरू झाले. माझे विद्यार्थी येळ्ळूर, अनगोळपासून खानापूर, संकेश्वर, निपाणीपर्यंत विखुरलेले. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत शिफ्ट करणारे, खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्या, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणारे, लग्न झाले आणि शिक्षण सुटले अशा. यांच्यापैकी एकालाही दिवसभर वर्गात बसणे शक्य नाही. म्हणूनच ते ऑनलाइन पदवीकडे वळतात.

पण ऑनलाइन म्हणजे कमी अभ्यास, अशी समजूत घेऊन आलेला विद्यार्थी पहिल्याच सत्रात कोलमडतो. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आता साधारण 80 क्रेडिटचा असतो. मुक्त विद्यापीठांच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचा 30 तासांचा अभ्यास. त्यात व्हिडिओ, वाचन, स्वाध्याय, संपर्क सत्र सगळे धरलेले असते. 80 गुणिले 30 म्हणजे 2400 तास. दोन वर्षांत 104 आठवडे. भागाकार केला की आठवड्याला 23 तास येतात, रोजचे तीन तास वीस मिनिटे, एकही दिवस न चुकता. हा भागाकार मी करून दाखवला की खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. माहितीपुस्तिकेत क्रेडिटचा आकडा असतो, तासांचाही असतो. आठवड्याचा आकडा मात्र विद्यार्थ्याला स्वतः काढावा लागतो, आणि तो काढायला त्याला कुणी सांगितलेले नसते.

त्याच पुस्तिकेत आणखी एक ओळ असते: किमान कालावधी दोन वर्षे, कमाल चार वर्षे. माझ्या मते साऱ्या पुस्तिकेतली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. तेच 2400 तास चार वर्षांवर पसरले की आठवड्याला साडेअकरा तास पुरतात. रोज दोन तास आणि आठवड्यातला एक दिवस मोकळा, हे फाउंड्रीतल्या मुलाला जमते. दोन पोरांच्या आईलासुद्धा घरातल्या कुणीतरी हात दिला तर जमते. तरीही जवळजवळ प्रत्येकजण दोन वर्षांचाच मनसुबा धरून येतो. फी वर्षाची घेतली जाते, संकेतस्थळावर अर्ज भरताना सगळे पेपर आधीच निवडलेले दिसतात, घरच्यांना दोन वर्षे असे सांगितलेले असते. आणि एखादा पेपर मागे ठेवला की आपल्याकडे त्याला ‘राहिला’ म्हणतात, म्हणजे गेला, नापास झाला.

फाउंड्रीतला एक मुलगा आठवतो. पहिल्या सत्रात पाचही पेपर घेऊन बसला होता. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी झोपायचा, दुपारी उठून मोबाइलवर व्हिडिओ लावायचा. मी विचारले, कसे चालले आहे? म्हणाला, ‘व्हिडिओ बघतो ओ मॅडम, पण बघतानाच डोळा लागतंय.’ त्याला म्हटले, नोंदणी पूर्ण वर्षाची असली तरी परीक्षेचा फॉर्म पेपरनिहाय भरता येतो. या वेळी दोनच पेपर दे. त्याने जे विचारले ते मी पुढे अनेकांच्या तोंडून ऐकले. ‘मग तीन पेपर नापास म्हणायचं का?’ मी म्हटले, नाही, तीन पेपर पुढच्या वर्षी. त्याने दोन दिले आणि दोन्ही चांगल्या गुणांनी काढले. पाच दिले असते तर कदाचित एकही निघाला नसता, आणि मुख्य म्हणजे तो परत आला नसता. पहिल्या परीक्षेला पूर्ण हरलेला विद्यार्थी सहसा दुसऱ्या वर्षाची नोंदणीच करत नाही. तो कुणाला सांगतही नाही. व्हॉट्सअॅपच्या गटातून गुपचूप बाहेर पडतो.

भरीला प्रवेशाची मुदत. जुलै सत्राचे प्रवेश पुढे पुढे ढकलले जातात. शेवटच्या आठवड्यात प्रवेश घेतलेल्याच्या हाती लॉगिन येईपर्यंत दोन-अडीच महिने गेलेले असतात आणि परीक्षा ठरलेल्या महिन्यातच होते. आठवड्याचे तेवीस तास मग पस्तीसच्या पुढे जातात. मुदतवाढ ही सवलत म्हणून जाहीर होते, पण उशिरा आलेल्याला पहिल्या सत्रात कमी पेपर घ्या, असे त्या जाहिरातीत कधी लिहिलेले मी वाचले नाही. ते लिहिले पाहिजे.

अभ्यास आठवड्यांत कसा मांडावा, याचा एक नमुना आपल्या देशातच आहे. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ जुलै 2017 मध्ये सुरू झाले. त्यात प्रत्येक विषयाचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चेची जागा आणि स्वतःची चाचणी. ऑनलाइन पदव्यांसाठीही विद्यापीठ अनुदान आयोगाने हीच चौकट ठेवली. ‘स्वयम्’वर आयआयटीवाल्यांचे जे एनपीटीईएलचे अभ्यासक्रम आहेत, त्यांत दर आठवड्याला एक भाग खुला होतो आणि दर आठवड्याला एक असाइनमेंट ठरलेल्या तारखेला द्यावी लागते. बारा आठवड्यांच्या विषयात बारा असाइनमेंट, आणि त्यांतल्या उत्तम आठ धरतात. चार सोडून दिलेल्या चालतात.

या चार सोडलेल्या असाइनमेंटबद्दल मला फार आदर आहे. ज्याने हा नियम केला त्याला माणसांचे घर कळते. आमच्याकडे एका सत्रात चार वाईट आठवडे येतातच. आषाढात वडगावच्या मंगाई देवीची यात्रा. तिच्या आधीपासून वार पाळतात, यात्रेला लेकीसुना, पाहुणे, सगळे घरी असतात. कुणाच्या घरी गणपती दीड दिवसाचा तर कुणाकडे अकरा दिवसांचा. एखादे लग्न, कुणाच्या सोबतीला दवाखान्यात राहणे. अशा आठवड्यात ज्याची असाइनमेंट हुकते तो ढिला असतो असे नाही, त्याच्या अंगावर घर असते. नियमातच त्याची सोय असेल तर त्याला कुणाकडे अर्ज-विनवण्या कराव्या लागत नाहीत आणि त्याचा स्वाभिमान राहतो. विद्यार्थ्याने सवलत मागावी आणि आम्ही ती द्यावी, या रीतीपेक्षा हे कितीतरी बरे.

याच्या उलट मांडणीही मी जवळून पाहिली आहे. सत्राच्या पहिल्या दिवशी पाच पुस्तके आणि साठ व्हिडिओ एकदम खुले. पुढची तारीख थेट परीक्षेच्या आदल्या महिन्यातली, असाइनमेंट जमा करण्याची. मधले चार महिने मोकळे मैदान. विद्यार्थ्याला वाटते वेळ आहे, आणि वेळ संपतो. मग तयार असाइनमेंट विकत मिळतात, त्या रातोरात उतरवून काढल्या जातात. अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त 30 टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान 70 टक्के, असे नियमाचे प्रमाण आहे. त्या तीस टक्क्यांत खरे शिकणे घडू शकते, पण ते दर आठवड्याला थोडे थोडे वाटले तरच. माझ्या विद्यार्थ्यांसाठी मी स्वतःचे वेळापत्रक करते. रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचे सांगते: हे दोन व्हिडिओ, ही बारा पाने, हे तीन प्रश्न, शुक्रवारपर्यंत वहीत उत्तरे लिहून फोटो पाठवा. त्याला गुण नाहीत. तरी पाठवतात, कारण कुणीतरी वाट पाहते आहे हे त्यांना कळते.

सत्राचा तिसरा आठवडा मी डोळ्यांत तेल घालून पाहते. पहिल्या आठवड्यात सगळेच लॉगिन करतात. दुसऱ्यात निम्मे. तिसऱ्या आठवड्यात ज्याचे नाव दिसत नाही त्याला मी संध्याकाळी फोन करते. अभ्यासाचे विचारत नाही, घरचे विचारते. बहुतेक वेळा उत्तर साधे असते. मोबाइल धाकट्या भावाकडे आहे, शाळेत परीक्षा चालू आहेत, सासूबाईंना बरे नाही. आपण दोन आठवडे मागे पडलो आहोत आणि आता गाडी गेली, असा ग्रह त्याने करून घेतलेला असतो. दुसरा आणि तिसरा आठवडा सोडून चौथ्यापासून सुरू कर, राहिलेले आपण दिवाळीत बघू, एवढे म्हटले की पुष्कळजण परततात.

असा फोन करायला माणूस हवा. आपल्या नियमात ऑनलाइन अभ्यासक्रमाला 250 विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर पुरतो. अडीचशे लोकांना तिसऱ्या आठवड्यात फोन कोण करणार? इंग्लंडमध्ये 1969 साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तिथे पहिल्यापासून ट्यूटरकडे वीस-पंचवीस विद्यार्थ्यांचा गट असतो, आणि तोच ट्यूटर असाइनमेंट तपासून सविस्तर शेरा लिहून परत पाठवतो. दूरशिक्षण तिथे टिकले त्यात या शेऱ्यांचा वाटा मोठा आहे. आपण व्हिडिओवर खर्च करतो, स्टुडिओ बांधतो, उत्तम वक्ते आणतो. ते हवेच. पण शिकणारा माणूस व्हिडिओमुळे थांबत नाही, आणि केवळ व्हिडिओमुळे पुढेही जात नाही.

थेट तासांच्या वेळेचा घोळही असाच. वेळापत्रक करणाऱ्यांना संध्याकाळी सात ते नऊ ही नोकरदारांची मोकळी वेळ वाटते. घरातल्या बाईच्या दिवसातले सगळ्यात भरलेले तास हेच असतात. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, जेवणे. मागावर काम करणाऱ्या घरात तर संध्याकाळी दिवसभराच्या कामाची मोजदाद असते. माझ्या गटाला मी वेळ विचारली तेव्हा बायकांनी पहाटे साडेपाच सांगितले आणि पुरुषांनी रात्री दहा. मी दोन्ही ठेवले. पहाटेच्या तासाला कॅमेरा बंद असतो, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, पण प्रश्न तिथेच जास्त येतात.

भाषेचा प्रश्न वेगळाच. सीमाभागातला विद्यार्थी शाळेत मराठीतून शिकतो, पुढे इंग्रजी आणि कन्नडशी झटापट करत पदवी घेतो, आणि पदव्युत्तरचे साहित्य बहुधा इंग्रजीत असते. एक पान वाचायला इतरांच्या दुप्पट वेळ. म्हणजे त्याचे तीस तासांचे क्रेडिट मुळात चाळीस-पन्नास तासांचे असते. कुठल्याही वेळापत्रकात याची नोंद नसते. मी प्रत्येक घटकाचा मराठीत दहा मिनिटांचा सारांश बोलून व्हॉट्सअॅपवर टाकते. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने सांगितले की मागासाठी सुताच्या कांड्या भरताना ती तो कानात लावते. हात कामात असतात, कान मोकळे असतात. त्यानंतर ती इंग्रजी पान उघडते तेव्हा विषय ओळखीचा झालेला असतो. अभ्यासाचे तास असे कामाच्या तासांत शिरतात, तेव्हाच आठवड्याचा हिशेब जुळायला लागतो.

आता परीक्षेच्या तारखांविषयी. बऱ्याच मुक्त आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. कार्यालयात काम करणाऱ्याला या तारखा सोयीच्या असतील. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात भात पिकते. इथला बासमती नावाजलेला. मे संपता संपता धूळवाफ पेरणी होते, जूनमध्ये पाऊस लागला की शेतात माणूस हवा, आणि नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे सुगी. कापणी, मळणी, भात घरात येईपर्यंत कुणाला उसंत नसते. म्हणजे परीक्षेचे दोन्ही महिने नेमके शेताचे महिने. निपाणीकडच्या तंबाखूच्या घरांचे महिने वेगळे, पण त्यांनाही कुठला तरी हंगाम आडवा येतोच. मागाच्या घरात लग्नसराईच्या आधी आणि दिवाळीच्या आधी ऑर्डरी असतात. अभ्यास करू शकणारे महिने आमच्याकडे साधारण जानेवारी ते एप्रिल आणि पावसाने जोर धरल्यावरचे जुलै-ऑगस्ट. मी माझ्या विद्यार्थ्यांचे सत्र या महिन्यांना धरून लावते. जूनच्या परीक्षेचा अभ्यास एप्रिलअखेर संपवायचा, मेमध्ये फक्त उजळणी. डिसेंबरला शेतकरी घरातल्या मुलांनी एखाददुसराच पेपर द्यायचा, बाकीचे जूनला. दिल्ली, म्हैसूर किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बसून हे वेळापत्रक कुणी करू शकणार नाही, हे मला मान्य आहे. पण वर्षातून दोनऐवजी तीन वेळा परीक्षा ठेवली, किंवा दोन महिन्यांच्या खिडकीतून तारीख निवडता आली, तर देशभरातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना आपला हंगाम सांभाळून परीक्षा देता येईल. संगणकावर होणाऱ्या परीक्षेत हे अवघड नसावे.

घरबसल्या परीक्षेची एक अडचण मी इथे लिहून ठेवते, कारण ती फक्त आमच्या भागातली नाही. कॅमेरा आणि माइक चालू ठेवून देखरेखीखाली चाचणी द्यायची असते. खोलीत दुसरा आवाज आला की पडद्यावर इशारा येतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरात भिंतीपलीकडे माग चालतात. तिला इशाऱ्यावर इशारे येत गेले आणि चाचणी मध्येच बंद पडली. तिने दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या घरून पुन्हा दिली, ते सोडा. पण ज्या घरात उत्पन्नाचे साधनच आवाज करते, तिथल्या मुलीला शांत खोली गृहीत धरणारी परीक्षा परवडत नाही. शहरातल्या एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा रविवारी अशा परीक्षांसाठी उघडी ठेवली तर प्रश्न मिटतो. त्यासाठी मी विचारणा करत असते, आणि एक-दोन ठिकाणी होकारही मिळाला आहे.

दुसरीकडे गती कशी बांधतात हे बघावे म्हणून मी अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेचा संगणकशास्त्राचा ऑनलाइन मास्टर्स नीट वाचून काढला. जानेवारी 2014 मध्ये तो सुरू झाला, एकूण फी साधारण 7000 डॉलर. बंगळुरूत नोकरी करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका मुलामुळे मला तो कळला. एकंदर दहा विषय. नोकरी सांभाळणारे बहुतेक विद्यार्थी एका सत्रात एकच विषय घेतात, आणि मुदत सहा वर्षांची आहे. पहिल्या बारा महिन्यांत दोन पायाभूत विषय किमान बी श्रेणीत काढावे लागतात, मगच पुढची वाट खुली होते. मला यातले दोन्ही भाग पटतात. सावकाश चालायची मुभा भरपूर, पण सुरुवातीलाच एक अट, जिच्यामुळे आपल्याला हे झेपते की नाही हे पहिल्याच वर्षी समजते. चार वर्षे फी भरत राहून शेवटी हात हलवत परत जाण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

आपल्याकडेही थांबण्याच्या जागा हळूहळू होत आहेत. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023 पासून दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी 88 क्रेडिटची झाली. पहिल्या वर्षाचे 44 क्रेडिट पूर्ण करून पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. 2021 मध्ये सुरू झालेल्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मिळवलेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. लेकरू झाले म्हणून एखादीने दोन वर्षे थांबायचे ठरवले, तर तिचे केलेले काम वाया जात नाही. हे मी प्रत्येकीला सांगते, कारण आमच्याकडच्या मुलींच्या शिक्षणात खंड पडतो तो बहुतेकदा याच कारणाने, आणि खंड पडला म्हणजे संपले असे त्या धरून चालतात.

या अभ्यासक्रमांत प्रकल्प शेवटी येतो, त्या 88 क्रेडिटच्या रचनेत तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्यात 6 क्रेडिटचा. पण त्याची सुरुवात दुसऱ्या सत्रापासून व्हायला हवी. शेवटच्या सत्रात विषय शोधू लागणारा विद्यार्थी इंटरनेटवरून काहीतरी उचलतो. मी सांगते, आपल्या घरात बघा. एकाने वडगावच्या यंत्रमागधारकांच्या सुताच्या उधारीवर प्रकल्प केला. सूत किती दिवसांच्या उधारीवर येते, कापडाचे पैसे किती दिवसांनी येतात, मधल्या दिवसांचा भार कोण सोसतो. खेळत्या भांडवलाचा धडा त्याने पुस्तकात वाचला होता, तो वडिलांच्या वहीत सापडला. निपाणीच्या मुलाने वखारीतल्या बायकांच्या मजुरीच्या नोंदी अभ्यासल्या. हे प्रकल्प लिहिताना त्यांना रात्रीची झोप येत नव्हती असे ते सांगतात. आठवड्याचे तास तेव्हा कुणी मोजत नाही.

आमच्या भागात आणखी एक अडसर आहे, सरहद्दीचा. निपाणीच्या पुढे कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र. अर्जुननगरचे देवचंद कॉलेज निपाणीला लागून, पण कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाला जोडलेले. नियमित शिकणारी मुले रोज हद्द ओलांडून जातात. दूरशिक्षणाला मात्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राची मर्यादा आहे. राज्याच्या विद्यापीठाला दुसऱ्या राज्यात अभ्यासकेंद्र चालवता येत नाही. त्यामुळे वडगावातल्या मराठी मुलाला कोल्हापूर किंवा नाशिकचे दूरशिक्षण आपल्या गावात मिळत नाही. त्याच्या वाट्याला म्हैसूरचे राज्य मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू येते. ऑनलाइन अभ्यासक्रमाला ही हद्द लागू नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सप्टेंबर 2020 च्या नियमावलीने त्याला देशभर वाट मोकळी केली, आणि 2022 मध्ये आयोगाने स्पष्टही केले की मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाचे नाव आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, हे मी विद्यार्थ्याला स्वतः शोधायला लावते. त्याला ते एकदा जमले की पुढे कुणी एजंट त्याला फसवू शकत नाही.

मराठीतून एम. ए. करू इच्छिणाऱ्या आमच्या मुलींसाठी ही मोकळी वाट मोलाची आहे. शाळेत मराठी शिकवायचे म्हणून त्यांना ती पदवी हवी असते. मराठी माध्यमातले ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम अजून मोजकेच आहेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी ते वाढवले, तर सीमेअलीकडची मुले पहिल्या दिवशी दाराशी उभी असतील. त्यांच्यासाठी वेगळे काही करायला नको. फक्त अभ्यास मराठीत द्या आणि आठवड्याचे तास आधी सांगा.

कांड्या भरताना सारांश ऐकणारी ती मुलगी आता दोन वर्षांच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षात आहे. मध्यंतरी तिच्या आईने मला रस्त्यात गाठले. ‘दोन वर्षांचं म्हणून सांगितलासा की ओ बाई, अजून संपंना कसं?’ मी त्यांच्या घरी गेले, तोच आठवड्याचा कागद त्यांच्यासमोर मांडला. मुलगी सकाळी शाळेत शिकवते, दुपारी घरचे बघते, संध्याकाळी कांड्या भरते. मोकळे तास आठवड्याला बारा. बारा तासांत पदवी किती वर्षांत होते, हे आईने बोटांवर मोजले. हिशेब त्यांना माझ्यापेक्षा लवकर जमला. आयुष्यभर मीटर आणि मजुरी मोजलेली बाई ती. मग त्यांनी एवढेच विचारले की चार वर्षांच्या वर तर जाणार नाही ना. मी म्हटले, नाही, तेवढी मुदत आहे. रविवारच्या कांड्या आईने स्वतःकडे घेतल्या. मुलीचे चार पेपर आणि प्रकल्प बाकी आहे. येत्या जूनला त्यातले दोन पेपर, आणि धूळवाफेच्या आधी अभ्यास उरकायचा म्हणून तिने जानेवारीतच सुरुवात केली आहे.